मुकी गाडी

जेवणं झाली आणि वीज गेली, म्हणून वाडीतली पोरं बाळाकाकांच्या खळ्यात येऊन बसली. कॉलेजातला निलेश खुशीत सांगत होता, की हायवेवर एका अँब्युलन्सच्या पाठीमागे बाईक लावली आणि सगळं ट्रॅफिक चिरत कणकवलीहून कसा झटक्यात आलो.

"मोठो शाणो तू," बाळाकाका म्हणाले. "आता जामसंड्याच्या सुशांताचा ऐक. तो माका खोटा सांगूचो नाय."

मग ते सांगू लागले.

सुशांत अँब्युलन्स चालवतो. दोन वर्षांपूर्वीची मार्गशीर्ष अमावस्या. काम संपवून, गाडी धुऊन तो घरी निघाला होता. तेवढ्यात बहिणीचा, समीक्षाचा फोन आला. आईच्या, विमलाकाकूंच्या छातीत दुखत होतं. जवळच्या दवाखान्यात हृदयाचा डॉक्टर नव्हता. तो कधीच नसतो. कणकवली गाठायला हवी होती.

रस्ता रोजचा, काम रोजचं. फक्त आज मागे त्याची आई होती, तिच्या उशाशी समीक्षा. त्यानं निळा दिवा लावला, सायरन लावला. मोकळ्या रस्त्याला लांब सूर, वस्ती आली की तुटक, वळणावर डिपर. हात आपोआप चालत होते.

"सुशांता," आई मागून म्हणाली, "तो आवाज बंद कर रे. ऐकान माझो जीव घाबरता."

"आये, मग लोक वाट देवचे नाय."

"ह्या वक्ताक कोण आसा रस्त्यार? बंद कर, बाबा."

त्यानं सायरन बंद केला. दिवा तेवढा फिरत राहिला.

आपल्याकडे अशी गाडी कशाची समजतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मुंबईहून चाकरमान्याचं प्रेत गावी आणतात, त्या गाडीला दिवा असतो, आवाज नसतो. तिला कुणी अडवत नाही. पण तिच्यासाठी कुणी धावतही नाही.

आंबेखोलच्या वळणावर जत्रा होती. दशावतार सुरू व्हायचा होता. दोन्ही कडांना गाड्या आणि मधोमध मिठाई विकणाऱ्या खाजेवाल्याचा टेम्पो. लोकांना निळा दिवा दिसला, आवाज आला नाही. त्यांनी टोप्या काढल्या. हात जोडले. टेम्पोवाल्याला बोलवायला कुणी गेलं नाही.

सुशांतनं सायरनचं बटण दाबलं. लगेच एक म्हातारबाबा काचेपाशी आला.

"गेलेल्या माणसाक कसली घाई, झिला? बंद कर तो भोंगो. देवाचा कार्य आसा."

"जित्ती आसा ती," सुशांत म्हणाला. "माझी आये आसा..."

मग मात्र माणसं पळाली. टेम्पोवाला देवळामागे सापडला, धावत आला, चावी लावली. तेवढ्यात मागून समीक्षाचा आवाज आला.

"दादा..."

एवढंच. पुढे काहीच नाही.

वाट मोकळी झाली. सुशांतनं सायरन लावला आणि कणकवलीपर्यंत बंद केला नाही. आता त्या आवाजाला घाबरणारं आत कुणी नव्हतं.

खळ्यात पोरं कंदिलाजवळ सरकली. निलेशनं बाईकची चावी खिशात टाकली. बाळाकाकांनी कंदिलाची वात खाली केली आणि पुढे सांगू लागले.

गेल्या वर्षी तीच अमावस्या, तीच जत्रा. या वेळी गाडीत होती संचिता, दिवस भरलेली. तिचं रक्त थांबत नव्हतं. नवरा ओमकार तिचा हात धरून बसलेला. दुसऱ्या वाटेनं जायला वेळ नव्हता.

आंबेखोल जवळ आलं आणि सायरन बंद पडला.

सुशांतनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काही नाही. माडांवर निळा उजेड फिरत होता. त्यानं काच खाली केली. ओरडायला तोंड उघडलं. आवाजच फुटेना. आता टोप्या निघतील... हात जोडले जातील...

वळण आलं.

रस्ता रिकामा होता.

टेम्पो शेतात उतरवलेला. गाड्या कडेला, कुंपणाला लागलेल्या. मृदंग बंद. दोन्ही बाजूंना माणसं. कुणीही हात जोडले नव्हते. सगळे नुसते खुणावत होते. जा... जा...

संचिता वाचली. मूलही वाचलं.

पहाटे सुशांत एकटाच परतत होता. आंबेखोलला खाजेवाला सामान आवरत होता. सुशांतनं गाडी थांबवली.

"मी येतंय, ह्या तुमका कोणी सांगला?"

"तुझी आये इली मा आधी. अनवाणी. मधल्या रस्त्यार उभी रवान एकेकाची गाडी थापटीत होती. माझ्या झिलाची गाडी येता, आत माणूस जित्ता आसा, वाट सोडा, म्हणत होती."

"मगे?"

"मगे काय? तुझी गाडी इली, आणि ती मागल्या दारान आत गेली." खाजेवाल्यानं हातातली टोपली खाली ठेवली. "चालत्या गाडीत कशी चढली, ता माका कळला नाय."

सुशांत गाडीतून उतरला. त्यानं मागचं दार उघडलं.

आत कुणी नव्हतं. संचिताला लावलेला ऑक्सिजनचा मास्क दवाखान्यातच राहिला होता. दुसरा, कोरा, कुणालाच न लावलेला, खुंटीला लटकत होता. त्याच्या आतून वाफ धरली होती.

सुशांत बघत राहिला. वाफ हळूहळू विरली...

आणि पुन्हा धरली.