गिरजाबाईला दिलेला शब्द

जरा सरकून बसा, अन् ते मोबाईल खाली ठेवा. ही गोष्ट नथ्थूची. आलापल्लीच्या सागवान डेपोवर तो चौकीदार होता, माझ्याबरोबर बारा वर्षं काढली त्यानं. खोटं बोलायची त्याला अक्कलच नव्हती. बोललाच तर फक्त बायकोशी, अन् तेवढं आपण सगळेच बोलतो.

दोन वर्षं झाली. पौष महिना, मंगळवार. नथ्थू संध्याकाळी अहेरीला गेला, नागपूरहून बसनं आलेलं औषधाचं पार्सल घेतलं, येताना पावभर चिवडा बांधून आणला. डबा हातात देताना कमळा, त्याची बायको, म्हणाली, "दोनाच्या जागी एकच गोळी खाजा. डॉक्टरनं सांगतलं ना?"

"हो ना वं," तो म्हणाला, अन् तिच्याकडं न बघता गाडीला किक मारली.

त्याचं असं होतं. सहा वर्षांपूर्वी नथ्थूच्या दोन्ही किडन्या बसल्या, तेव्हा थोरल्या बहिणीनं, गिरजाबाईनं, स्वतःची एक काढून दिली. ती अंगात टिकावी म्हणून या गोळ्या. सकाळी दोन, रात्री दोन, जन्मभर. नागपूरच्या डॉक्टरनं समजावलं होतं, "तुझ्या आतही एक चौकीदार आहे. परकं दिसलं की हाकलतो. गोळी त्याला झोपवते, म्हणून बहिणीची किडनी राहते." दिवाळीनंतर त्याच डॉक्टरनं आतड्यातली गाठ दाखवली. चौकीदार झोपलेला, चोर घरात. "गोळी अर्धी कर," तो म्हणाला. "किडनी कदाचित जाईल. पण तू वाचशील."

सोपं वाटतं ना? पण गिरजाबाई आदल्याच पावसाळ्यात गेली होती. धानाच्या रोवण्याच्या चिखलात पान लागलं तिला. रात्री त्या सरपटणाऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून पान म्हणायचं. दहाव्याला प्राणहितेच्या काठावर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. पोरांना सांभाळू म्हणाले, शेत विकणार नाही म्हणाले. ऊन डोक्यावर आलं तरी शिवेना. शेवटी नथ्थू पुढं झाला, पोटावर हात ठेवून म्हणाला, "बाई, तुयं जे माह्यापाशी हाये, ते मी जिवापेक्षा जास्त जपीन." कावळा तिथल्या तिथं शिवला. सगळे मोकळे होऊन घरी गेले. अडकला एकटा नथ्थू.

मेलेल्या बहिणीला दिलेला शब्द मोडायचा कसा? तो कमळेला एक सांगायचा अन् दोन गिळायचा. गाठ वाढत होती.

त्या रात्री पावणेनऊला तो चौकीत शिरला. आदल्या दिवशी वाघानं डेपोमागं गाय मारली होती, त्यामुळं अंधारात दार उघडायचं नाही असा साहेबांचा हुकूम होता. नथ्थूनं कडी लावली. पार्सल फोडून गोळ्यांची तीन कोरी पाकिटं खाटेवर मांडली. तेवढ्यात पोटात अशी कळ आली की तो खालीच बसला. मरायची भीती त्याला पहिल्यांदा वाटली, ती त्या क्षणी.

"आज एकच," तो स्वतःशी म्हणाला.

"एकच काऊन, नथ्थू?"

कोपऱ्यातून. ओल्या लुगड्याचा वास. चिखलाचा...

त्यानं मान वळवली नाही.

"बाई...?"

"मले थंडी वाजून राह्यली. दे ना दोन."

तो दाराकडं धावला. कडीला हात घातला. अन् थांबला. दाराच्या पलीकडं काहीतरी श्वास घेत होतं. जड. सावकाश.

बाहेर ते. आत बाई. अन् पोटात... पोटातही बाईच.

तो लेकरासारखा रडला. "बाई, मी मरून राह्यलो वं. तुयं जपता जपता मरून राह्यलो. मले सोड."



दिवा गेला.

बराच वेळ...

मग उजव्या कुशीत, टाक्यांवर, एक गार तळवा.

सकाळी आम्ही दार तोडलं, कारण कडी आतून होती. नथ्थू जमिनीवर पडलेला, जिवंत. दुसरं औषध मागवलं, अन् त्या दिवसापासून त्यानं खरंच एक-एकच गोळी घेतली. होळीच्या सुमाराला किडनी बंद पडली. गाठ मात्र विरली. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. भेटला की मला एकच विचारतो, "भाऊ, बाईनं मले सोडलं, का टाकलं?"

त्या सकाळी खाटेवरची तीन पाकिटं मीच उचलली. दोन कमळेनं नदीत सोडली. तिसरं हे. बॅटरी धरा इकडं. गोळ्यांचे दहाच्या दहा फुगे बघा, मागची चांदी कुठं फाटलीय का? बोट फिरवून बघा. भोकसुद्धा नाही...

आता हलवा.

आत काही वाजतं का?