पिल्लांचा खाऊ

भळ्ळ! परसात बादली पालथी झाल्याचा आवाज आला आणि दुपारची गाढ शांतता फुटली.

करुणा धावतच मागच्या दारात आली. खांद्याला खाकी पिशवी लावलेला एक उंच तरुण तिची हिरवी बादली झटकून झटकून रिकामी करत होता.

"अहो! काय करून राह्यले तुमी?"

"मलेरिया खातं, बाई. आज शुक्रवार, साचलेलं पाणी ओतायचा वार. तुमच्या बादलीत अळ्याच अळ्या होत्या!"

"माहीत आहे मले. मीच पाळल्या होत्या!"

बादली त्याच्या हातात तशीच राहिली. आदिलाबादेत घरोघर फिरताना त्यानं नाना सबबी ऐकल्या होत्या. ही मात्र...

"डास... पाळले?"

"डास नाही हो. जेवण होतं ते." करुणानं बादली त्याच्या हातातून हिसकावून घेतली. "आता काय देऊ मी पिल्लायले?"

पिल्लं म्हणजे कोण, हे दाखवायला तिनं त्याला घरात नेलं. गार, अंधाऱ्या कोपऱ्यात दोन काचेच्या टाक्या होत्या. तिच्या भावानं हैदराबादहून न्यूटची जोडी आणून दिली होती. दिसायला पालीसारखी, पण पाण्यात रमणारी, पोटाशी नारिंगी. थंडीत मादीनं पाणवनस्पतीच्या पानांत एकेक अंडं गुंडाळून ठेवलं. आईबापच अंडी खाऊन टाकतात म्हणून करुणानं ती पानं दुसऱ्या टाकीत हलवली. आणि आता तिथं भाताच्या शिताहून जराशी मोठी पिल्लं तरंगत होती... मानेशी पिसांसारखे कल्ले हलवत.

"हलतं तेवढंच खातात," ती म्हणाली. "मेलेल्याकडे ढुंकून पाहत नाहीत."

तो वाकला. नाक काचेला टेकवलं. मग हळूच म्हणाला, "यायनं तर कानात झुबे घातले की!"

"कल्ले आहेत ते."

"झुबेच." तो हसला, पण आता तो टाकीकडे पाहत नव्हता. करुणाचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला. नवरा वारल्यापासून कान मोकळेच होते.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून शिकवून परतली, तर दारात तो. हातात बाटली.

"बसस्टँडमागच्या टायरांतला माल. एकदम ताजा!"

"अय्या! इतक्या?"

"कोनाले सांगू नका. माझं काम मारायचं, अन् मी पोसून राह्यलो."

"मारताच आहात की," करुणा म्हणाली, "फक्त पिल्लांच्या तोंडून!"

त्याचं नाव दौलत. जवळच्या बेला गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. तो रोज येऊ लागला, रोज नवी बाटली घेऊन. करुणाची पाच वर्षांची गौतमी त्याला 'अळीकाका' म्हणू लागली. मलेरियावाल्यांच्या रीतीप्रमाणे तो प्रत्येक खेपेला दाराशेजारी गेरूनं तारीख लिही. शेजारच्या विमलबाईंच्या नजरेतून ते सुटेल थोडंच!

"करुणा, तुयाच भिंतीवर जागा उरली नाई वं! साऱ्या गावचे डास तुमच्याच घरी उतरले का?"

करुणा लाजली. सासू द्वारकाबाई मात्र गप्प. आणि त्या गप्प राहण्याचीच तिला धास्ती होती. मुलगा गेल्यावर याच माउलीनं तिला लेकीसारखं ठेवून घेतलं, मास्तरीण केलं. तिला एकटं टाकून दुसरं घर थाटायचं? छे... विचारसुद्धा नको.

आणि मग तो यायचाच थांबला. उटनूरकडच्या गुड्यांवर, म्हणजे जंगलातल्या आदिवासी पाड्यांवर, तापाची साथ आहे, खात्यानं सगळ्यांना तिकडे धाडलंय, एवढं कानावर आलं. बाटल्या संपल्या. उपाशी पिल्लं एकमेकांचे पाय चावू लागली. एकाचा तर पुढचा पाय अर्धाच उरला.

करुणानं पदर खोचला, लांब दांड्याची पळी घेतली, एका हातानं गौतमीला धरलं आणि थेट विमलबाईंच्या अंगणात शिरली.

"विमलबाई, तुमच्या हौदात अळ्या आहेत का?"

"अवं माय! तू कवा लागली त्या खात्यात? पाह्य बाई, पण तारीख नको लिवू!"

ती हौदावर वाकली. पळी बुडवली. तेवढ्यात पाण्यात दुसरी पळी उतरली...

"हा हौद आमच्या हद्दीतला आहे, बाई."

तिनं झटकन वर पाहिलं. दौलत! दाढी वाढलेली, रंग रापलेला, आणि डोळे? डोळे हसणारेच.

"एवढे दिवस!" ती म्हणाली. "पिल्लं वाट पाहत होती."

"फक्त पिल्लं?"

तिनं पळी उगाचच पुन्हा पाण्यात बुडवली.

"आमाले पाहून लोक दार लावून घेतात," तो म्हणाला. "वाट कोनी पाह्यत नाही. तिकडे गुड्यांवर फिरताना सारखं वाटे, एक दार उघडं असन. मले त्या दारातून रोज आत यायचं आहे, करुणा."

"मी एकटी नाही, दौलत. लेकरू आहे. सासूबाई आहेत. त्यायले सोडून मी—"

"सोडा म्हनलं कोनी? आमी फवारणी करतो तर अख्खं घर करतो. एक खोली सोडून चालतच नाही!"

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून बांगड्या वाजल्या. पाठोपाठ द्वारकाबाईंचा आवाज आला, ठणठणीत.

"मंग माही खोली पयले करजा, बापू! डास मलेच जास्त चावतात."

विमलबाईंच्या हातातलं सूपच खाली पडलं. करुणा हसत होती, रडत होती. पळी हौदात कधी बुडाली तिला कळलंही नाही. दोघंही कोपरापर्यंत हात घालून ती शोधू लागली... आणि पाण्याखाली त्याला पळीऐवजी तिचीच बोटं सापडली.

गौतमीनं पदर ओढला.

"आई, अळीकाका आता आपल्याच घरी राहतीन?"

करुणानं ओल्या डोळ्यांनी मान हलवली.

गौतमीनं जरा विचार केला. मग टाचा उंचावून, आईच्या कानाशी तोंड नेऊन तिनं विचारलं,

"मंग... फोटोतल्या बाबाले कोन सांगन?"