शुद्ध तुपाचा सूड

"अजून घाल! चमचाभर अजून!" कृपा म्हणाली.

"अगं, माणूस मरेल!" शेजारच्या सिद्धूनं लवंगी मिरचीच्या पुडीचा डबा छातीशी धरला.

"मरत नाही, नुसता नाचेल. तोही चोर असला तरच!"

कृपाच्या मैत्रिणीनं, दिपालीनं, नानकटाईच्या गोळ्याला अंगठ्यानं खड्डा पाडला, आत लालभडक पूड भरली, तोंड बंद केलं आणि वर अर्धा काजू टोचला. बाहेरून कसा साळसूद गोळा! असे थाळाभर गोळे झाले तेव्हा कृपाच्या जिवाला जरा गार वाटलं. या दिवसाची ती वर्षभर वाट पाहत होती.

त्याचं असं झालं होतं. दर नाताळला कृपाची आई घरी कढवलेल्या तुपात पीठ मळायची, गोळे वळायची आणि थाळा कोपऱ्यावरच्या शिवपुत्रअण्णांच्या बेकरीत भाजायला द्यायची. सगळी गल्लीच तसं करते. घरोघरी भट्टी कुठून असणार? पण गेल्या वर्षी भाजून आलेल्या नानकटाईला डालड्याचा वास! वैरागहून आलेल्या मार्थाआत्यानं ती सगळ्यांदेखत बशीत परत टाकली. "वैनी, तुपाच्या नावाखाली डालडा खायला घालतीस व्हय?" वर स्वतः विकत आणलेला खोका उघडला. "ही बघ, ह्येला म्हणत्यात तुपाची नानकटाई!" आई स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून रडली. ते फक्त कृपानं पाहिलं.

कृपानं आत्याच्या खोक्यातली एक नानकटाई चाखलीही होती. जायफळ जरा जास्त, वेलदोडा जाडसर कुटलेला... अगदी आईच्या हातची चव! आणि खोका कुठला? त्याच बेकरीतला!

"म्हणजे शिवपुत्रअण्णा आपले गोळे विकतात आणि आपल्याला डालड्याचे देतात!" असं तिनं पप्पांना सांगून पाहिलं. "पोरीसोरींनी असं बोलू नये. अण्णा भला माणूस आहे," पप्पांनी उडवून लावलं. बरं! मग या भल्या माणसाची परीक्षाच घ्यायची, कृपानं तेव्हाच ठरवून टाकलं.

यंदा आई नानकटाई करायलाच तयार नव्हती. कृपानं हातापाया पडून पीठ मळून घेतलं, आणि आई चर्चमध्ये गाण्यांच्या सरावाला जाताच निम्मं पीठ बाजूला काढलं.

"पण अण्णांनी आपलेच गोळे परत दिले तर?" दिपालीनं विचारलं.

"तर ते आपण खायचे आणि बोंबलत बसायचं. शिवाय मी त्यांची माफी मागेन. कबूल!"

बेकरीत शिवपुत्रअण्णांनी थाळ्यावर वाकून वास घेतला. "वा! तूप लई भारी हाय की! जावा, संध्याकाळी न्या." त्यांचे डोळे कसे लकाकले ते तिघांनीही पाहिलं.

उरलेल्या पिठाची नानकटाई मुलांनी पातेल्यात मीठ पसरून, वर झाकण ठेवून घरीच भाजली. पहिली खेप कोळसा! ती सिद्धूनं निमूटपणे संपवली. दुसरी मात्र अशी खमंग झाली की दिपालीनं घाईघाईनं खिडक्या लावल्या. तो डबा कपाटावर लपवला.

मग सजावट. पप्पा एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात कामाला. त्यांनी तिथून रंगीत सुताचे उरलेले तुकडे आणले होते. त्यांचे गोंडे दारावर लागले, कामट्या आणि पतंगाच्या कागदाची चांदणी खिडकीत चढली. चुलीवर कोंबडीचा रस्सा रटरटू लागला, कडक भाकरीची चवड लागली.

सिद्धू बेकरीतून थाळा घेऊन आला. कृपानं नाक खुपसलं. डालडा! तिला एवढा आनंद झाला की ती स्टुलावरून पडता पडता वाचली. आईनंही वास घेतला आणि तिचा चेहरा पडला. "पुन्हा तेच," ती पुटपुटली. सगळं सांगून टाकावं असं कृपाला फार वाटलं, पण तिनं ओठ चावले.

"वैनी, यंदा तुला तरास नगं म्हणून मीच इकत आणली!" दारातूनच आत्याचा आवाज आला. टेकायच्या आत तिनं त्याच बेकरीतला खोका उघडला आणि सगळ्यांना दिसेल अशी एक नानकटाई तोंडात टाकली.

"आगाऽगाऽगा! मेले! पानी!"

आत्या नाचली. खरोखर नाचली! तांब्या रिकामा झाला, रांजणही निम्मा झाला. कृपानं दुसरी नानकटाई मोडून आतली लाल पूड पप्पांना दाखवली आणि सगळं सांगितलं. आत्या नाक पुसत ऐकत होती. मग तिनं पदर खोचला, खोका उचलला. "चला बेकरीत!"

तिथं आधीच दोन गिऱ्हाइकं डोळे पुसत भांडत होती.

"मिरची कुठनं आली, देवाला ठावं!" अण्णा हात जोडून सांगत होते.

"देवाला कशाला? मला विचारा! मीच भरली!" कृपा पुढे झाली.

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. "थाळा चुकून बदलला आसंल..."

"आन् गेल्या साली बी चुकूनच व्हय?" आत्या कडाडली.

अण्णा आईकडे वळले. "आक्का, माफ करा. तुमचा सण हाय."

सगळे आईकडे बघू लागले. "माफ केलं, अण्णा," आई हळूच म्हणाली. कृपाचा जीव तळमळला. एवढ्यात सुटणार हा?

पण आईनं खोक्यातली एक नानकटाई उचलून पुढे धरली. "आधी ही खा. अख्खी."

अण्णांनी खाल्ली. डोळे, नाक, कपाळ, सगळं वाहायला लागलं. "पाणी..."

"देते की. आधी सांगा, गेल्या वर्षी खोक्यातली नानकटाई कुणाच्या हातची होती?"

"तुमच्या..."

"मोठ्यानं."

"आक्कांच्या हातची!" अण्णा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले. मगच आईनं तांब्या दिला. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतला प्रत्येक थाळा घरच्या माणसाच्या डोळ्यांदेखत भाजायचा, हेही त्यांनी तिथंच कबूल केलं.

जेवणं झाली. कृपानं कपाटावरचा डबा काढला. आत्यानं एक नानकटाई खाल्ली, मग मान खाली घातली. "वैनी, वरीसभर मी तुला बोल लावला. चुकलंच माझं."

"आणि माझंही. या पोरांनी जे ओळखलं, ते मला कळायला हवं होतं. शाब्बास रे!" पप्पांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. सिद्धूची जरा जास्तच जोरात थोपटली, कारण त्यानं कोळसा खाल्ला होता.

अण्णांचं तोंड अजून भाजत असेल, या विचारानं कृपाला मुळीच वाईट वाटत नव्हतं. ती आईकडे बघत होती. गेल्या वर्षी स्वतःच्या हातची नानकटाई आईला चाखायलाही मिळाली नव्हती. आईनं एक तोंडात टाकली, डोळे मिटून सावकाश खाल्ली, आणि कुणाला न विचारता दुसरी उचलली.