तुम्ही तोडा, मी मोजतो

समुद्रपूरहून गिरडकडे निघालं की डाव्या हाताला अंकुशचं वांग्याचं वावर लागतं. दीड एकराचं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तीन बाभळी, रस्त्यापलीकडे शाळेची पक्की पडवी, आणि समोर लांबवर गिरडची टेकडी. एक दिवसाआड तोडा. दुपारी बाया सरींत उतरल्या की पाचपर्यंत कॅरेट भरायचे आणि गाडी हिंगणघाटच्या बाजाराला रवाना करायची. यात नवल काही नाही, अर्ध्या गावाचं हेच चालतं.

अंकुश बीएस्सी झालेला, तोही भौतिकशास्त्रात. नोकरी लागली नाही, पण डोक्यातलं शास्त्र काही हललं नाही. अवकाळीच्या दिवसांत वावरातल्या बायांना त्यानंच शिकवलं होतं की वीज आधी दिसते, आवाज मागून चालत येतो, आणि एक किलोमीटर यायला त्याला तीन सेकंद लागतात. चमकल्यापासून गडगडेपर्यंत मोजायचं. तिसाच्या आत आलं की टोपलं तिथंच टाकून शाळेच्या पडवीत पळायचं. मग मालक ओरडो नाहीतर गाडीवाला ओरडो, कुणाचं म्हणून ऐकायचं नाही.

हे सगळ्यांत नीट उचललं गोपिकानं. तिच्याजवळ कुठलं आलंय घड्याळ? ती मोजायची, "एक वांगं, दोन वांगे, तीन वांगे..." वांग्यागणिक बरोब्बर एक सेकंद. अंकुशनं मोबाईलशी ताडूनही पाहिलं होतं. आवाज असा खणखणीत की शेवटच्या सरीपर्यंत जायचा. तिचा नवरा किशोर सगळ्यांना सांगत फिरे, की घरी भात चढवला तरी बाईचे वांगे सुरूच.

मागच्या एप्रिलातली गोष्ट. गाडीवाला इंजिन चालू ठेवून घाई करत होता. आठ कॅरेट बाकी होते आणि गिरडच्या अंगानं आभाळ काळंनिळं झालं होतं. आता वीज पाहायची तर मान वर हवी, आणि वांगं तोडायचं तर मान खाली. गोपिका मोजायला लागली की तिचा हात मंदावायचा. तेव्हा अंकुश धुऱ्यावरून म्हणाला, "गोपिकाबाई, तुम्ही तोडा. मी मोजतो."

चमकलं. त्यानं मोजलं. नऊ झाले.

"किती झाले जी, भाऊ?" तिनं मान वर न करताच विचारलं.

"चाळीस."

बस, एवढंच. आठ कॅरेटसाठी. दुसऱ्या विजेलाही त्यानं चाळीसच सांगितले. तिसरी तिच्यावर पडली. सरीतच आडवी झाली बिचारी, मुठीतलं वांगंसुद्धा सुटलं नव्हतं.

तलाठी आला, पंचनामा झाला. अंकुशनं सगळ्यांना समजावून सांगितलं, की चाळीस म्हणजे तेरा किलोमीटर, पण वीज ढगापासून तेवढ्या लांबही पडते, वर निरभ्र असलं तरी पडते. शास्त्र म्हणून यातला शब्द न् शब्द खरा होता. त्याची त्याला किळस आली. खोटं बोललेला माणूस निदान खोट्यामागं लपतो, हा खऱ्यामागं लपला होता.

किशोर रडला नाही. एवढंच म्हणाला, "तुमी मोजून राह्यलते म्हून तं ती बिनघोर होती, भाऊ."



पुढं पावसाळ्यात एकदा अंगणात बसून त्यानं सवयीनं मोजलं. चाळीस भरले. दोन दिवसांनी पुन्हा वीज झाली, पुन्हा चाळीस. होतं असं, म्हणून त्यानं सोडून दिलं. पण सबंध पावसाळ्यात एकही वीज त्याला एकोणचाळीसवर ऐकू आली नाही, की एकेचाळीसवरही नाही.

भादव्यात तो समुद्रपूरच्या बसस्टँडवर उभा होता. पाण्याच्या टाकीमागं लख्ख झालं. चहावाल्याच्या हातून गिलास सुटला, शेजारची म्हातारी कानांवर हात घेऊन खालीच बसली. टपरीचा टिन थरथरताना त्यानं डोळ्यांनी पाहिला. आवाज नाही. बसचा हॉर्न ऐकू येत होता, कंडक्टरची आरोळी ऐकू येत होती, गडगडाट तेवढा नाही. चाळीस झाले तेव्हा तो आला, आणि त्या वेळी अख्ख्या स्टँडवर कुणी वर पाहिलं नाही.

हिंगणघाटला जाऊन कान तपासले. ठणठणीत निघाले. बायकोला सांगावं असं शंभरदा मनात आलं. पण सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, चाळीसच काऊन?

या एप्रिलात तोडायला बाया कमी पडल्या. कांता आणि रुख्मिणी तेवढ्या आल्या. मग अंकुशची बायको मंजुषाच पदर खोचून उतरली, तीही नेमकी गोपिकाच्या सरीत. चार वाजता गिरडकडून आभाळ भरून आलं. गाडीचं इंजिन चालूच होतं.

"तुमीच मोजा जी," मंजुषा म्हणाली. "तुमचं पक्कं असते."

आता तिचा जीव त्याच्या मोजण्यावर होता, आणि त्याला मोजता येत नव्हतं. त्यानं मोबाईल बाभळीच्या खोडाला टेकवला आणि व्हिडिओ सुरू केला. आपले कान दगा देतील, मोबाईल देणार नाही, असा त्याचा विचार.

चमकलं.

एक, दोन, तीन. मंजुषाची मान खाली. सात, आठ, नऊ.

बाभळीवरचे बगळे एकदम उडाले.

त्याला काही ऐकू आलं नव्हतं. "किती झाले जी?" मंजुषानं विचारलं.

"पळा!" तो ओरडला. "पळा म्हणतो ना!"

मोबाईल उचलून तोही धावला. तिघी पडवीत पोचल्या, मागून तो. तेवढ्यात त्याचे चाळीस भरले आणि त्याच्यापुरतं आभाळ गडगडलं.

कांता आणि रुख्मिणी पदरानं तोंड पुसत पलीकडच्या टोकाला बसल्या. अंकुशनं व्हिडिओ लावला. बगळे उडाले, मुक्यानंच. मग आपण ओरडतो ते, पळतानाची खरखर, आणि चाळीसवर गडगडाट. त्यानं मोबाईल मंजुषाच्या हाती दिला. "किती आकड्यावर वाजते, ते सांग मले."

तिनं तो कानाशी धरला.

"नवावर," ती म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "हा मागच्या सालचा हाय का जी?"

"काऊन?"

"गोपिकाबाई मोजून राह्यली ना याच्यात. एक वांगं, दोन वांगे. नवावर थांबली."

मंजुषा ऐकतच होती.

"आता तुमाले विचारते, किती झाले जी, भाऊ."

"बंद कर ते."

तिनं बंद केलं नाही. मोबाईल हळूच कानावरून खाली घेतला आणि पहिल्यांदाच पाहावं तसं नवऱ्याकडं पाहिलं.

"ती नऊ मोजते," मंजुषा म्हणाली, "मंग तुमी तिले चाळीस काऊन सांगता?"

पडवीत लख्ख उजेड पडला. तिघींनी एकाच वेळी कानांवर हात दाबले.

अंकुश मोजू लागला.