अद्वयची खरी चाचणी

अद्वयला ऐकू येतं की नाही, हे कोडं ढोमण्यांच्या घरात कोणालाच सुटत नव्हतं. पावणेदोन वर्षांचा पठ्ठ्या. मागे उभं राहून "अद्वय, ए अद्वय!" असं दहादा ओरडा, मान वळेल तर शपथ! पण दोन खोल्या पलीकडे बिस्किटाच्या पुड्याचा कागद नुसता चुरचुरला, की स्वारी धावत हजर. बहिरा म्हणावं तर कान तिखट, आणि ऐकू येतं म्हणावं तर स्वतःच्या नावाचा पत्ता नाही. तोंडातून तर अजून एक शब्दही फुटला नव्हता.

"पोरं बोलतात उशिरा," शेजारचे म्हणत. आई मान डोलवायची, पण तिच्या कपाळावरची आठी काही जात नसे. ती आठी अद्वयच्या थोरल्या बहिणीला, अकरा वर्षांच्या मृण्मयीला, बरोबर दिसायची. वरूडजवळच्या त्यांच्या संत्र्याच्या बागेत २०३९ साली फवारणीला ड्रोन यायचे, झाडांना तहान लागली की बाबांच्या फोनवर निरोप यायचा. मुलांच्या वाढीचे तज्ज्ञ मात्र अजूनही नागपूरलाच भेटायचे, आणि अद्वयला तारीख मिळाली होती ती पाच महिन्यांनंतरची.

अशात एका रविवारी हर्षाआत्या आली. ती बाबांची थोरली बहीण, आणि लहान मुलांच्या नजरेचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ. तिनं बाबांच्या साध्या फोनवर 'चाहूल' नावाचं ॲप घातलं.

"हा फोन काय करेल, आत्या?" मृण्मयीनं विचारलं.

"बघेल आणि मोजेल. पडद्यावर एका बाजूला एक बाई गाणं म्हणते, दुसऱ्या बाजूला भिरभिरं फिरतं. बाळ कुणाकडे किती वेळ बघतं, ते पुढचा कॅमेरा बुबुळांवरून (डोळ्यातल्या काळ्या गोलावरून) ओळखतो. मग मागून कुणीतरी तीनदा नाव घ्यायचं. मान वळली का, किती वेळानं वळली, तेही मोजायचं. शेवटी बोटानं बुडबुडे फोडायचे."

"आणि त्यावरून कळतं?"

"एका खुणेवरून काहीच कळत नाही. तूही कधी कधी हाकेला ओ देत नाहीसच की! पण सगळ्या खुणा एकत्र जोडून फोनमधला अल्गोरिदम (पायरीपायरीनं उत्तर काढायची रीत) हजारो मुलांच्या नोंदींशी ताडून बघतो. ऑटिझमची (स्वमग्नतेची, म्हणजे मेंदूची जडणघडण जरा वेगळी असण्याची) शक्यता वाटली, तर नारिंगी दिवा. नाहीतर हिरवा. चित्रफीत फोनबाहेर जात नाही, आकडे तेवढे उरतात. अद्वयची झोप झाली, पोट भरलं, की उद्या सकाळी करा."

आत्या संध्याकाळी परत गेली. मृण्मयीच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घट्ट बसली. हिरवा दिवा लागला पाहिजे. आपला भाऊ नापास होता कामा नये!

सकाळी आईनं अद्वयला मांडीवर घेतलं. आईच्या नजरेवरून बाळाला इशारा मिळू नये म्हणून तिनं डोळे मिटून बसायचं होतं. बाबा बागेत होते. मृण्मयीनं गाणाऱ्या बाईच्या बाजूला, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं, बिस्किट धरलं. अद्वयची नजर तिथंच खिळली. मग ती मागे गेली. "अद्वय!" म्हणाली आणि खिशातला पुडा हळूच चुरगाळला. गर्रकन मान वळली. तिन्ही वेळा.

हिरवा दिवा!

आई रडायलाच लागली. कितीतरी दिवसांनी ती पोटभर हसलीही. बाबा धावत आले. "चला, सुटलो बाप्पा!" ते म्हणाले. "आता नागपूरची तारीख कशाला? देऊन टाकू कुणा गरजवंताला." आणि त्यांनी फोन उचलला.

मृण्मयी आईचा फोन घेऊन अंगणात पळाली. "आत्या, एखाद्याला चुकून हिरवा दिवा लागला तर काय होतं गं?"

"तर त्याचा वेळ जातो," आत्या म्हणाली. "या वयात मेंदूत रोज नव्या पायवाटा पडतात. ज्या वाटेनं चालणं होतं, ती रुळते. मदत लवकर मिळाली तर बोलण्याची, खेळण्याची वाट लवकर सापडते. पण असं का विचारतेस?"

मृण्मयी घरात धावली. "बाबा, थांबा! मी लबाडी केली." रडत रडत तिनं सगळं सांगून टाकलं. बाबांचा चेहरा लाल झाला.

फोनवर आत्या सगळं ऐकत होती. "मृण्मयी, तू त्याला पास करायला निघालीस. पण ही परीक्षा नाहीच मुळी. ही चाळणी आहे. कुणाकडे नीट बघायला हवं, एवढंच ती सांगते. चाळणीत अडकलेला प्रत्येक जण स्वमग्न नसतो, ते डॉक्टर ठरवतात. आणि असला तरी तो काही कमी होत नाही. त्याला शिकवायची रीत आपल्याला शिकावी लागते, इतकंच."

आत्याच्या सांगण्यावरून तीन दिवसांनी पुन्हा चाचणी झाली. या वेळी मृण्मयी रिकाम्या हातांनी उभी राहिली. तिनं तीनदा हाक मारली. मान वळली नाही. पुड्याशिवाय तिचे हात शिवशिवत होते, पण तिनं ते पाठीमागे घट्ट धरले. अद्वयचे डोळे सगळा वेळ भिरभिऱ्यावर होते.

नारिंगी दिवा लागला. आईनं मृण्मयीला जवळ ओढलं. "खरं बोललीस ते लई बरं केलं, बाई."

ते आकडे नागपूरच्या डॉक्टरांना पाठवले, आणि पाच महिन्यांची तारीख पंधरा दिवसांवर आली. तज्ज्ञांनी दोन तास अद्वयशी खेळून, कान तपासून सांगितलं, कान उत्तम आहेत आणि हो, ही स्वमग्नताच आहे. मग घरभर खेळ सुरू झाले. अद्वय भिरभिऱ्याकडे बघत असला तर आपणही शेजारी बसून भिरभिरंच फिरवायचं, थांबवायचं, त्यानं वर बघेपर्यंत वाट पाहायची. कधी कधी अर्धा तास वाट पाहावी लागे. कधी तो कान झाकून किंचाळे आणि सगळा दिवस वाया जाई. मृण्मयीनं एकही दिवस चुकवला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या अंगणवाडीत 'चाहूल' आलं, तेव्हा आयांना डोळे मिटून बसायला सांगणारी मृण्मयीच होती. "इथं कुणी नापास होत नाही," ती प्रत्येकीला बजावून सांगायची. मेळघाटातल्या बाळांना 'चाहूल'मध्ये त्यांच्याच बोलीतलं गाणं ऐकू यावं, म्हणून आत्या आता कोरकू गाणी गोळा करत होती, आणि सुटीत मृण्मयी तिच्याबरोबर जाणार होती.

निघायच्या आदल्या दिवशी दोघं भावंडं बांधावर बसली होती. अचानक अद्वयनं तिची बाही ओढली. आभाळात बगळ्यांची लांबलचक रांग चालली होती. त्यानं बोट वर केलं, मग वळून थेट तिच्या डोळ्यांत पाहिलं. ताई बघतेय ना, हे तो बघत होता!

"बघ!" अद्वय म्हणाला.

मृण्मयी त्याच्याकडेच बघत राहिली. डोळे भरून आल्यामुळे तिला बगळे दिसेचनात.

अद्वयनं वैतागून तिची हनुवटी धरली आणि तिचं तोंड आभाळाकडे वळवलं. "ताई, बघ!"