दिवा न लागता आलेली कळ

मिरजेच्या वेदना संशोधन केंद्रातल्या प्रयोगशाळेत दस्तगीरचाचा आपला डावा हात मांडीवर जपून ठेवून बसले होते. तंबोरे बनवण्यात त्यांचा जन्म गेला होता. पण शिडीवरून पडून डावा खांदा दुखावला तेव्हापासून या डावखुऱ्या माणसाने कानस हातात धरली नव्हती. हाड जुळलं, सूज उतरली, तपासण्यांत काही निघेना आणि कळ मात्र जायचं नाव घेईना. घरचे आता ऐकून न ऐकल्यासारखं करत. त्या कळीपेक्षा हेच त्यांना जास्त झोंबायचं.

डॉ. वैजयंती आवटींनी त्यांच्या कानामागे मसुराएवढा संवेदक चिकटवला आणि मनगटावर एक पट्टी बांधली. पट्टीवर इवलासा दिवा होता. हा पूर्ववेदनादर्शक.

"म्हणजे दुखणं सगळं मनाचं, असंच ना?" त्यांचे तरुण सहकारी डॉ. मगदूम म्हणाले.

"मुळीच नाही. कळ खरीच असते. पण खांद्याकडून निरोप येईपर्यंत मेंदू थांबत नाही, आधीच अंदाज बांधतो. 'आता दुखणार, सहन होणार नाही' असा घाबरलेला अंदाज असला की लहान निरोपही मोठा होऊन पोचतो. त्या अंदाजाला मी पूर्ववेदना म्हणते. ती उठली की दिवा लागतो."

"आणि दिवा न लागताच दुखलं तर?"

"तर मेंदूने काही वाढवलेलं नाही. शरीर स्वतः बोलतंय, ते ऐकायचं."

त्यांनी चाचांना हात वर करायला सांगितलं. हात मांडीवरून हललाही नव्हता, तोच दिवा लागला. कळ त्यामागून आली. चाचांचा चेहरा उतरला. आपण नाटकं करतो हे आता यंत्रानेच सिद्ध केलं, असं त्यांना वाटलं. बाईंनी मात्र दिवसभर खांद्याशी कसे वागता, एवढंच विचारलं.

चाचा विचारात पडले. तंबोऱ्याची जवारी काढायची म्हणजे तारांखालची घोडी कानशीने जराशी घासायची, तार छेडायची आणि कान लावून ऐकायचं. तार नीट गुंजेपर्यंत हेच. नकोसा बारीकसा सूरही त्यांच्या कानातून सुटत नसे. काम थांबलं आणि तोच कान त्यांनी खांद्याला लावला. उठताना, बसताना, कूस बदलताना ते खांदा ऐकत राहिले, आणि जे ऐकावं ते मोठंच होत गेलं. ही चूक दुसऱ्या कुणाला जमलीही नसती. त्यांना स्वतःचंच हसू आलं आणि कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं.

मग संवेदक आणि पट्टी लावूनच घरी सराव सुरू झाला. दिवा लागला की 'मेलो आता' म्हणण्याऐवजी 'बघू तरी, किती दुखतंय' म्हणायचं आणि हात हलवायचा. दरवेळी कळ अंदाजापेक्षा लहानच निघे. जैनबीने, त्यांच्या बायकोने, आपला वेगळाच नियम काढला होता: दिवा लागला की त्या वेळचा चहा बंद. चाचा कुरकुरत, पण दिवा खरंच कमी लागू लागला. खांदा थोडा दुखायचा, ते राहिलंच. पण तेवढं दुखणं घेऊन कारखाना उघडता येत होता. कानस पुन्हा डाव्या हातात आली त्या दिवशी जैनबीने डोळे पुसले आणि धूळ फार झालीय म्हणाली.

एका सकाळी जवारी काढता काढता त्याच खांद्यात कळ आली. ती दंडातून उतरली, जबड्यापर्यंत चढली. कपाळावर घाम आला.

"परत सुरू झालं का तुमचं?" जैनबी म्हणाली.

चाचांनी मनगटाकडे पाहिलं. मग मनगट तिच्यापुढे धरलं.

"जैनबी, दिवा लागलेला नाही. रिक्षा बोलव."

ती वळली आणि धावतच बाहेर गेली.

केंद्राला लागूनच असलेल्या दवाखान्यात डॉ. मगदूम होते. जुनी खांदेदुखी, भीतीने वाढणारी, हे त्यांना पाठच होतं. चाचांना दिलासा देऊन घरी पाठवायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांनी पट्टीतली नोंद पाहिली. सकाळपासून दिवा एकदाही लागला नव्हता. आपणच विचारलेला प्रश्न त्यांना आठवला. त्यांनी लगेच हृदयाचा आलेख काढला, तर झटका सुरूच होता. थोड्याच वेळात बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली गेली.

संध्याकाळी आवटीबाई भेटायला आल्या. पूर्वीचे चाचा असते तर असल्या कळा शंभरदा आल्या म्हणून घरीच पडून राहिले असते, आणि कुणी उठवलंही नसतं, असं त्या म्हणाल्या. मगदूम मान खाली घालून उभे होते.

"ती कळ खांद्यातली नव्हतीच," चाचा हळूच म्हणाले. "माझा खांदा मला आता पाठ झालाय. हा सूर परका होता."

जैनबी घरून थर्मास घेऊन आली होती. तिने तो उघडला, डॉक्टरांना विचारून अर्धा कप बिनसाखरेचा चहा ओतला आणि चाचांच्या डाव्या हातात दिला.

"घ्या," ती म्हणाली. "आज दिवा लागला नव्हता."