चौकटीतले हात

त्या संध्याकाळी मावशीला तीन शर्टांच्या बाह्या आखूड करायच्या होत्या, एवढंच काय ते काम. शेजारीण सहा वाजता न्यायला येणार होती. तिच्या नवऱ्याचे शर्ट, आणि नवरा म्हणजे हात आखूड आणि तोंड लांब, असं शेजारीण स्वतःच सांगायची.

मावशी शिलाईकाम करायची. गल्लीतले लहानथोर तिला मावशीच म्हणत, पण खरी मावशी ती एकाच पोरीची, ठमीची. मावशी स्वतः जन्मापासून बहिरी, त्यामुळे बोलणंही तिला कधी आलं नाही. मशीनचा खडखडाट तिला तळपायातून कळायचा आणि जिन्यावरची पावलं फरशीतून. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. लहानपणी थोरल्या बहिणीनं तिच्यासाठी हातांची बोली रचली होती. पाण्याला एक खूण, भुकेला एक. बापाला हवेतल्या हवेत मिशी पिळून डोळे वटारायचे. त्या खुणांवर दोघी पोट धरधरून हसायच्या. जगात ती बोली तिघींनाच यायची, बहिणीला, मावशीला आणि पुढे ठमीला. त्यातली बहीण सव्वीस वर्षांमागे गेली. ठमी तेव्हा दोन वर्षांची होती. मावशीनं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. आता ठमी दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती आणि सात वाजले की घरी यायची.

साडेपाचला मावशीनं टीव्ही लावला. आवाजाशी तिला काय देणंघेणं? पण समोर माणसं हलत असली की घर भरल्यासारखं वाटायचं. ती सरकारी चॅनलच लावायची, कारण तिथे सगळं ठरलेलं. आधी शेतीचा कार्यक्रम, मग प्रश्नमंजुषा, मग गाणं, आणि साडेसातला बातम्या. बातम्यांच्या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट यायची आणि चष्मेवाली बाई त्यात हातांनी बातम्या सांगायची. तिचं मावशीला निम्मंच कळायचं. "शाळेत शिकलेले हात आहेत," ती ठमीला म्हणायची, "कडक इस्त्री केलेले!"

त्या दिवशी शेतीच्या कार्यक्रमातच चौकट आली.

पडद्यावर एक माणूस गाईचे खूर कसे तपासावेत ते दाखवत होता, आणि कोपऱ्यात ही चौकट. आत चष्मेवाली नव्हती. मानेच्या वर नुसता अंधार, आणि खाली दोन हात. एकावर एक ठेवलेले, गप्प. दवाखान्यात नंबर यायची वाट बघणारी माणसं ठेवतात ना, तसे.

मावशीला वाटलं, काहीतरी नवीन काढलं असेल. ती टीप मारत राहिली. पण नजर सारखी वर जाई. मशीन थांबवी, बघे, पुन्हा चालवी. एका बाहीची शिवण वाकडी गेली, ती उसवावी लागली. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं.

शेजारीण आली तेव्हा मावशीनं तिला धरून टीव्हीसमोर उभं केलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"गाय आहे," शेजारीण ओठ मोठे करकरून म्हणाली. "गा-य!"

मावशीनं मान हलवली. पुन्हा तिथंच बोट टेकवलं आणि दोन्ही हात एकावर एक ठेवून दाखवले.

"हात? कुणाचे हात? अगं, शेपूट आहे ती गाईची! डोळे तपासून घे बाई, नाहीतर आमच्या ह्यांना उद्या तीन बाह्यांचा शर्ट घालावा लागेल." ती हसत हसत शर्ट घेऊन गेली. मावशी दाराशी जरा जास्तच वेळ उभी राहिली. आत यायला पाऊल उचलेना.

प्रश्नमंजुषा सुरू झाली. मुलं घंटा वाजवत होती, उड्या मारत होती. चौकट तिथेच होती, फक्त थोडी मोठी झाली होती. आणि आता ते हात हलले.

एक तळवा गालाच्या उंचीला आडवा झाला, उशीसारखा. मग मिटलेली मूठ हळूच उघडली, डोळा उघडतो तशी. झोप, आणि जाग.

मावशीच्या हातातली सुई बोटात गेली. कळलंसुद्धा नाही.

झोपायचं आणि उठायचं, म्हणजे उद्या. साऱ्या जगात 'उद्या' असं त्या तिघींशिवाय कुणी म्हणत नव्हतं. आणि त्या हाताची करंगळी वाकडी होती. बहिणीची अशीच होती, लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली, ते दार मावशीनंच लोटलं होतं. घरात वास यायला लागला. बरेच दिवस न बदललेल्या आजारी अंथरुणाचा, औषधाचा, घामाचा.

त्या वासानं तिला ती मागची खोली आठवली. तीन दिवस तापानं फणफणलेली बहीण अंथरुणावरून हात उचलून म्हणाली होती, "पोरीला आण. एकदा दाखव." मावशीला धास्ती होती, पोरीला लागण झाली तर? तिनं दारातूनच खूण केली, उद्या. आणि पाठ फिरवली. पाठ फिरवली की तिच्याशी कुणाला बोलताच यायचं नाही. बहीण त्या रात्रीच गेली. हे मावशीनं कुणाला सांगितलं नव्हतं. ठमीला तर नाहीच.

"उद्या झाला का?" चौकटीतल्या हातांनी विचारलं.

मावशीनं शिवण बाजूला टाकली. तिचे हात वर आले. "ताई... मी भ्याले गं. पोर लहान होती."

"दाखव."

"कशाला आता? ती सुखात आहे."

हात थांबले. पुन्हा एकावर एक बसले. मग सावकाश उठले. "सव्वीस वर्षं तू ठेवलीस. आता मी नेते."

"माझी आहे ती!" मावशीनं छातीवर इतक्या जोरात हात मारला की हाडाला झिणझिण्या आल्या. "दात आले तेव्हा मी जागले. शाळेत मी घातली. माझी!"

"बघितलं की येईल," हात म्हणाले.

गाण्याचा कार्यक्रम लागला, पण गायक कुठे दिसतोय? चौकट पसरत पसरत पडदाभर आली होती. कडेच्या पट्टीत बिचाऱ्याचं अर्धं तोंड उघडमीट करत होतं. बाकी सगळा अंधार आणि ते हात, मावशीच्या हातांएवढे, आता त्याहून मोठे. "आण. दाखव. आण."

घड्याळात सात वाजून गेले होते. फरशीला बारीक हादरा बसला. जिन्यावर पावलं! मावशीनं उठून तारच उपटली. पडदा काळा झाला. वर शिवायला आलेली चादर टाकली, कोपरे खोचले, आणि ठमी दारात.

"टीव्ही का झाकलास?" ठमीनं पिशवी टेकवून हातांनी विचारलं.

"बिघडला."

"सकाळी तर चालत होता. बघू?"

"नको! करंट मारतो."

ठमी हसली. "तुझे हात आज तोतरे बोलतायत मावशी. आणि रक्त कसलं हे?" तिनं मावशीचं बोट धुतलं, पट्टी बांधली. दिवसभर लोकांच्या दाढांचं रक्त पुसणारी पोर, हात कसा हलका. मावशीनं तिला जवळ ओढलं, केसांचा वास घेतला. दवाखान्याचा, फिनेलचा, रोजचाच. जिवात जीव आला. सकाळ होताच हा डबा भंगारवाल्याला देऊन टाकायचा, फुकट न्या म्हणायचं.

"कपडे काढून आणते," ठमी म्हणाली आणि गॅलरीत गेली.

मावशीनं कणीक मळायला घेतली. पाचएक मिनिटं गेली असतील. दोरीवर असून असून किती कपडे असणार? तिनं मान वर केली.

साडेसात झाले होते. बातम्यांची वेळ. गॅलरीपलीकडे समोरची इमारत, आणि तिच्या खिडक्या-खिडक्यांत टीव्ही लागलेले. मावशीनं मोजले नाहीत, पण सात तरी असतील. कुठे माणसं जेवत होती, कुठे पेपर वाचत होती, कुणाचंच लक्ष नव्हतं. आणि सगळ्या पडद्यांवर तेच दोन हात.

कपडे दोरीवर होते तसेच होते. ठमी पाठमोरी उभी होती. तिची कोपरं हलत होती.

मावशीनं पाय आपटला. पिठाच्या डब्यावर लाटणं हाणलं. ठमीचे कान तिखट, चमचा पडला तरी वळायची ती. वळली नाही.

समोर खिडक्या-खिडक्यांत हात उठले. "इतकी वर्षं थांबले," ते म्हणाले. मग एकावर एक बसून राहिले, ऐकत असल्यासारखे. ठमीची कोपरं हलली. काय म्हणाली ते तिच्या पाठीआड राहिलं.

"येतेस?" हातांनी विचारलं.

मावशी कणकेच्या हातांनी धावली. तीन पावलांची खोली, पण संपेना. वाटेत स्टूल आडवं आलं, गुडघा फुटला, तरी उठली. उंबऱ्याशी पोचली तेव्हा ठमीची कोपरं पुन्हा हलत होती, आता भराभर, आनंदानं, खूप दिवसांनी कुणी भेटल्यावर बोलावं तशी.

मग ती थांबली. समोरच्या साऱ्या खिडक्यांतले हात एकदम खाली गेले.

ठमीच्या केसांना आता फिनेलचा नाही, त्या आजारी अंथरुणाचा वास येत होता. मावशीनं तिच्या खांद्याकडे हात नेला. तो अजून टेकलाही नव्हता, तोच ठमीचे खांदे गदगदले. ती हसत होती. पाठमोऱ्या माणसाचं तेवढंच काय ते मावशीला कळायचं.